मालिकेचा शेवटचा भाग स्वतः छापून काढताना

जादुई प्राण्यांवरच्या माझ्या बालकादंबरी-मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये छापून आला. पहिला भाग २०१९ चा. लेखन, प्रकाशन, गठ्ठे बांधणं, पोस्टात जाणं, सगळं साताऱ्यातून आणि घरूनच चालतं. सुटं पुस्तक स्वतः छापणाऱ्यांना माहिती बऱ्यापैकी मिळते. मालिका संपवताना मात्र काही वेगळेच प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरं कुठे एकत्र सापडत नाहीत, म्हणून हे लिहितोय. शेवटच्या भागात आपल्या मर्जीचं फार थोडं उरतं. पुस्तकाचा आकार, अक्षर, स्पाइनवरच्या (पुस्तकाच्या पाठीवरच्या) पट्ट्याचा रंग, प्राण्यांची नावं, किंमत साधारण कुठवर नेता येईल हे सगळं आधीच्या चार पुस्तकांनी ठरवून टाकलेलं असतं.

मे २०२५ मध्ये मजकूर पुरा झाला. त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे प्राणीवही पुन्हा तपासणं. ही वही पहिल्या भागापासून असावी. नसेल तर शेवटच्या भागाआधी मागचे सगळे भाग वाचून ती करावीच लागते, त्यातून सुटका नाही. एका प्राण्याला एक पान. त्यावर रंग, उंची, खाणं, शक्ती आणि त्या शक्तीची मर्यादा हे तर हवंच. शिवाय प्रत्येक नोंदीपुढे भाग आणि पान क्रमांक हवा. डाव्या पंखावरचा व्रण उजव्या पंखावर गेला की मुलं लगेच पत्र लिहितात. मोठे वाचक असली चूक माफ करतात, दहा वर्षांचा वाचक करत नाही.

मराठीत याहून किचकट भाग आहे तो लिंगाचा आणि सामान्यरूपाचा. शरभ आणि गंडभेरुंड हे किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले जुनेजाणते प्राणी, त्यांचा ‘तो’ ठरलेला आहे. पण आपण घडवलेल्या प्राण्यांचं काय? माझ्याकडे कासच्या सड्यावर राहणारी धुकेरी आहे, ती ‘ती’. जांभ्या दगडाच्या पाठीचं जांभाकासव आहे. कथनात ते ‘ते’, पण ते बोलायला लागलं की मुलं त्याला ‘तो’ म्हणतात. हे चालतं, फक्त पाचही भागांत तसंच चालायला हवं. भुंगरा नावाचा प्राणी ‘भुंगऱ्याने’ असा वळवायचा की विशेषनाम म्हणून ‘भुंगराने’ ठेवायचं, हेही वहीत लिहून ठेवावं. संगणकावर नाव शोधताना नुसतं ‘भुंगरा’ शोधून भागत नाही, कारण त्यात ‘भुंगऱ्या’ सापडत नाही. ‘भुंगर’ आणि ‘भुंगऱ’ असे दोन शोध घ्यावे लागतात.

हे ‘ऱ्य’ पुढे डीटीपीतही, म्हणजे संगणकावर पानं लावतानाही, छळतं. २०१९ च्या सुमारास बरीच पुस्तकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लागत होती. मागच्या भागांतला मजकूर, समजा ‘आतापर्यंत काय घडलं’ हे प्रकरण किंवा नावांची सूची, तिथून युनिकोडमध्ये आणला की आधी मोडतो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘भुंगऱ्या’चा ‘भुंगर्या’ होतो आणि एखाद्या प्रुफात नजरेतून निसटतो. ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हंही तपासावीत. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लावत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला आहे ना ते पाहा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट बदलणं भागच असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असलेला घ्या. तिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट या वळणाचा आहे आणि छापील पानात शोभतो. मुलांच्या पुस्तकाला १३ पॉइंटच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे.

जूनमध्ये प्रूफवाचन. दर पानाला १५ रुपये पडला, डीटीपी पानाला ३०. पहिलं प्रूफ बाहेरच्या वाचकाकडे आणि शेवटचं स्वतः, मोठ्याने वाचून.

आता पानांचा हिशेब. शेवटचा भाग नेहमीच फुगतो, सगळे धागे बांधायचे असतात. मजकूर लावून झाला तेव्हा पानं २५१ भरली. पुस्तक डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. डेमीचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा, १६ पानांचा. २४० पानं म्हणजे १५ फर्मे, २५६ म्हणजे १६. मधल्या आकड्यांना एकतर कोरी पानं जातात किंवा अर्धा-पाव फर्मा वेगळा चालवावा लागतो आणि त्याची मजुरी जवळजवळ पूर्ण फर्म्याएवढी पडते. मी २४० वर आणलं. निम्मी काटछाट प्रकरणांच्या सुरुवातीची अर्धी कोरी पानं कमी करून झाली, उरलेली मजकुरातून.

२५६ का नको, याचं कारण पोस्टात आहे. रजिस्टर्ड बुकपोस्टची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर आहेत, कर वेगळा. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर डेमीच्या एका सुट्या कागदाचं, म्हणजे दोन पृष्ठांचं, वजन साधारण २.१ ग्रॅम. २४० पृष्ठांचे २५३ ग्रॅम, त्यात ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डाच्या मुखपृष्ठाचे १९, म्हणजे २७२. पाकीट आणि पत्त्याचा कागद धरून २९० च्या आत बसतं. २५६ पृष्ठांचं पुस्तक पाकिटासह ३०० ओलांडतं. कागद ८० जीएसएमचा घेतला तर २४० पृष्ठांचंही ओलांडतं. प्रत्येक ग्राहकाकडून टपालखर्च मागायचा असतो तेव्हा हा टप्पा पाळणं परवडतं. पाकीट कोरुगेटेड खोक्याचं घ्यायची हौस असेल तर वजनाची आशा सोडा.

चित्रांचं काम जुलैमध्ये. मुखपृष्ठाचे ८,००० आणि आतल्या २२ रेखाचित्रांचे प्रत्येकी ९००. मालिकेच्या बाबतीत चित्रकाराशी केलेला करार आधी उघडून वाचावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी दिलेले असावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. आता पाहा, २०१९ मध्ये मुदत न लिहिता घेतलेल्या चित्रांचे हक्क २०२४ मध्ये संपतात, आणि शेवटच्या भागाच्या मलपृष्ठावर पहिल्या चार मुखपृष्ठांची छोटी चित्रं टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. संचाची पेटी काढायची असेल तर प्रश्न आणखी मोठा. एका पानाचं पुरवणीपत्र करून घेतलं की काम होतं. चित्रकार ओळखीचा आहे म्हणून लाजू नये, उलट ओळख आहे तोवरच करून घ्यावं.

रेखाचित्रं छपाईला देताना शुद्ध काळी-पांढरी असतील तर ६०० ते १२०० डीपीआयला (इंचाला तेवढे ठिपके) बिटमॅप, करड्या छटा असतील तर ३०० डीपीआयला ग्रेस्केल. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाच्या आतल्या पानांचा साधा, बिनचकाकीचा कागद, शाई पितो. पडद्यावर छान दिसणारा रात्रीचा प्रसंग छापून आला की काळा ठोकळा होतो, त्यामुळे सर्वांत गडद छटा ८५ टक्क्यांच्या आसपास थांबवावी. दुसऱ्या टोकाला उलटं. धुकेरीचं अंग ४ टक्के करड्या रंगात काढलेलं होतं. प्रिंटरवरच्या प्रुफात ती दिसत होती, नमुना म्हणून ऑफसेटवर (प्लेटवरून छापणाऱ्या यंत्रावर) चालवलेल्या पानात मात्र दोन डोळे आणि खाली गवत, मधे काहीच नाही! इतके बारीक ठिपके प्लेटवरून कागदावर धरतच नाहीत. १२ टक्क्यांवर नेल्यावर ती पुन्हा उमटली. म्हणून धुकं, धूर, पाणी, भूतं असं काही फिक्या छटेत असेल तर त्या एका पानाचा नमुना खऱ्या कागदावर मागून घ्या.

मुखपृष्ठाच्या फाइलला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कटिंगसाठी जास्तीची कड), रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे. पडद्यावरचा झगझगीत पोपटी छपाईत येत नाही, तो यावाच असा आग्रह धरून मुद्रकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्पाइनची जाडी गणिताने काढू नका. मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि पट्टीने मोजा. मालिकेची पाचही पुस्तकं शेजारी लागतात तेव्हा भाग क्रमांकाचा आकडा तळापासून किती उंचीवर आहे हे फार दिसतं. ते अंतर आधीच्या छापील प्रतींवरून मोजावं, जुन्या फाइलवरून मोजू नये, कारण कटिंगमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटर गेलेले असतात.

जुलैमध्येच आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा, अर्ज केला. हे काम राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी करते, अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर, आणि शुल्क शून्य. पैसे घेऊन क्रमांक ‘काढून देणारे’ भेटतात, त्यांची गरज नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शीर्षकपान आणि मुखपृष्ठ यांच्या फाइली तयार ठेवा. लेखकाचं नाव ओळखपत्रावर, अर्जात आणि मुखपृष्ठावर एकाच पद्धतीने लिहिलेलं असू द्या. मालिकेचं नाव रोमन लिपीत पहिल्या भागाला जसं दिलं होतं तसंच, अक्षरशः तसंच, पाचव्याला द्या, नाहीतर पुढे ग्रंथालयांच्या सूचीत भाग विखुरतात. क्रमांक यायला मला तीनेक आठवडे लागले. काहींना जास्त लागतात, म्हणून मुखपृष्ठ अंतिम होण्याची वाट न पाहता अर्ज टाकावा. पाच भागांचा संच पेटीत घालून एक वस्तू म्हणून विकायचा असेल तर त्या संचाला स्वतंत्र क्रमांक लागतो. ई-पुस्तकालाही वेगळा.

क्रमांक टाइप करताना एक अंक इकडचा तिकडे होतोच. तपासायची सोपी रीत आहे: पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे लागतील तो तेरावा अंक. जुळला नाही तर कुठेतरी चूक आहे. बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. काळ्या रेषा पांढऱ्या चौकटीत. मुखपृष्ठाला मेळ म्हणून लाल रेषांचा बारकोड काढणारे कलावंत असतात, पण स्कॅनरचा प्रकाशच लाल असतो, त्याला त्या रेषा दिसत नाहीत.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी हक्क लेखकाचाच असतो. मी तरी ऑनलाइन अर्ज केला. साहित्यकृतीला ५०० रुपये. डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावंच लागतं, आणि त्यानंतर तपासणी होते, तिला किती वेळ लागेल यावर आपला ताबा नाही. छपाई त्यासाठी अडवून धरू नये.

छपाई कधी, हा साताऱ्यात आणि सांगलीतही खरा प्रश्न आहे. गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत छापखाने आणि बांधणीवाले दिवाळी अंकांत बुडालेले असतात. दिवाळीनंतर थोडी उसंत आणि लगेच कॅलेंडरं, डायऱ्या. जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होणार होतं, त्यामुळे या वेळी तर आसपासच्या प्रत्येकालाच डिसेंबरअखेर पुस्तक हवं होतं. मी ऑगस्टमध्येच दिवाळीनंतरचा आठवडा मागून ठेवला आणि निम्मी रक्कम भरली. पावसाळ्यात छापणं टाळावं याला दुसरंही कारण आहे. कागद ओल धरतो, शाई उशिरा वाळते, लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ पन्हळीसारखं वळतं. कागदाचा तंतू स्पाइनला समांतर आहे ना हेही आधी विचारा. आडव्या तंतूचं पुस्तक उघडं राहत नाही आणि पानांना लाटा येतात. हे विचारलं की मुद्रक तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो, आणि पुढचं काम नीट होतं.

५०० प्रतींचा दर कागद, छपाई, मॅट लॅमिनेशन आणि बांधणीसह ४६,५०० आला, म्हणजे प्रतीला ९३ रुपये. तीनशेच्या खाली प्रती हव्या असतील तर डिजिटलचाही दर मागवा. प्लेटांचा खर्च वाचतो, पण काळा रंग थोडा चकाकतो आणि आधीच्या ऑफसेट भागांशेजारी ते ओळखू येतं. कागदाचा हिशेब स्वतः करता यावा: २३ बाय ३६ इंची एका तावात ३२ पृष्ठं बसतात, २४० पृष्ठांना साडेसात ताव, ५०० प्रतींना ३,७५० ताव म्हणजे साडेसात रीम (रीम ५०० तावांचा), वर नासधूस. कोटेशनमध्ये दहा रीम दिसले तर विचारायला हरकत नाही. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण छपाईच्या बिलावर लागतो, आणि विक्री करमुक्त असल्यामुळे तो परत मिळत नाही. तो खर्चातच धरायचा.

बांधणीत पैसे वाचवू नयेत. नुसत्या गरम डिंकाच्या परफेक्ट बाइंडिंगचं जाड पुस्तक मुलं पूर्ण उघडून उलटं पालथं ठेवतात आणि पानं सुटतात. फर्मे दोऱ्याने शिवून मग मुखपृष्ठ चिकटवलेलं पुस्तक टिकतं. वरच्या दरात शिलाई धरलेली आहे. फर्म्यांच्या घडीवर पायऱ्यांसारख्या काळ्या खुणा छापून घ्या. फर्मे एकावर एक लावले की खुणांचा तिरका जिना दिसतो, एखादा फर्मा उलटसुलट लागला किंवा राहिला तर जिना मोडतो. प्लॉटर प्रूफ (प्लेटा करण्याआधीचं शेवटचं प्रूफ) आलं की मजकूर वाचत बसू नका, ती वेळ गेली. पान क्रमांक, चित्रांच्या जागा, प्रकरणांची सुरुवात एवढंच पाहा. एका फर्म्याला दोन प्लेटा, आता केलेली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे नवी प्लेट. तरी शेवटच्या प्रकरणात एक स्वल्पविराम बदलावासा वाटतोच. मालिका संपतेय हे मनाला पटत नसतं, त्याचा तो भाग असावा.

किती प्रती छापायच्या? शेवटचा भाग घेणारा वाचक म्हणजे आधीचे चार वाचलेला वाचक, नव्या वाचकाला पाचव्या भागाचा काही उपयोग नाही. म्हणून पाचव्याच्या प्रती चौथ्याच्या खपाहून फार जास्त नकोत. उलट मालिका पुरी झाली की ‘आता सगळा संच द्या’ म्हणणारे येतात, आणि तेव्हा पहिला भाग शिल्लक नसेल तर पाचही अडकतात. पहिल्या भागाच्या शिलकीची मोजणी पाचव्याच्या ऑर्डरआधी करा. मजकूर न बदलता पुनर्मुद्रण केलं तर जुनाच आयएसबीएन चालतो. प्रकरणं सुधारली, भर घातली तर नवी आवृत्ती, नवा क्रमांक.

किंमत ३२० ठेवली. प्रूफ, डीटीपी, चित्रं, छपाई मिळून ८५,१०० झाले, प्रतीला १७० रुपये, वर जीएसटी. दुकानदार ४० टक्के कापून १९२ देतो, तेही बहुधा ‘विकलं तर, नाहीतर परत’ या बोलीवर. म्हणजे दुकानातल्या विक्रीत हाती नावापुरतं उरतं. थेट विक्री आणि शाळांच्या ग्रंथालयांमधून मालिका तगते. दुकानाला दिलेल्या प्रतींची पोच सही-शिक्क्यासह घ्या, भागवार वेगळी.

प्रती आल्या की २० चा एक असे २५ गठ्ठे होतात, गठ्ठा साडेपाच किलोचा. ज्ञान पोस्टच्या ५ किलोत तो बसत नाही, शाळेला संच पाठवताना १६-१७ प्रतींचं पार्सल करावं. गठ्ठे जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, साताऱ्याच्या पावसात भिंत ओल सोडते. सांगलीत नदीकाठच्या भागात साठा असेल तर तळमजला विसरा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, आणि २०१९ ला पाणी त्याच्याही खूप वर गेलं होतं.

प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत एक कायदेशीर काम उरतं, ते स्वतः छापणारे बरेच जण करत नाहीत. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. विशेष बांधणीची आवृत्ती काढली असेल तर कोलकात्याला त्यातली उत्तम प्रत जाते. जुन्या १८६७ च्या कायद्याचे अर्ज अजून कुणी पुढे केले तर ते सोडून द्या. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांच्या नव्या कायद्याने घेतली आणि पुस्तकं त्यातून बाहेर गेली.

चारही पार्सलांवर ‘पुस्तक प्रदान’ असं लिहून आत शीर्षक, भाग, आयएसबीएन, किंमत आणि पोच कोणत्या पत्त्यावर हवी हे लिहिलेली चिठ्ठी घातली. आधीचे भाग पाठवायचे राहिले असतील तर ते याच पार्सलात जातात. पाच पुस्तकं मिळून दीड किलोच्या आत बसतात. पोचपावत्या आल्या की भागवार फाइलला लावा, कारण सरकारी पुरस्काराच्या किंवा ग्रंथखरेदीच्या अर्जाला बसलात की प्रकाशनाची तारीख, आवृत्ती आणि किंमत यांचे कागद पुन्हा काढावे लागतात. शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचा विभाग स्वतंत्र आहे, आणि वर्ष धरलं जातं ते पहिल्या आवृत्तीवर छापलेलं. नोव्हेंबरात हाती आलेल्या पुस्तकावर ‘जानेवारी २०२६’ छापायचं की २०२५, हे त्यामुळे प्लेटा होण्याआधीच ठरवायला हवं.